यंत्राच्या पोटांतील पोथी

पालकांपैकीं कांहीं जण आम्हांस वारंवार एक प्रश्न विचारतात. मुलगा संगणकावर प्रोग्रॅम लिहावयास शिकत आहे असें म्हणतो. मग त्याचीं पुस्तकें कोठें आहेत? प्रश्न वाजवी आहे. आम्ही राहतों त्या शनिवार पेठेंतून आप्पा बळवंत चौकांत पायीं जावयास फार वेळ लागत नाहीं, आणि जून महिन्यांत त्या चौकांत पुस्तकांसाठीं उडणारी झुंबड ज्यानें पाहिली आहे, त्याला पुस्तकावांचून विद्या ही कल्पनाच करवत नाहीं. गणिताला पुस्तक, व्याकरणाला पुस्तक, चित्रकलेलासुद्धां पुस्तक. मग या विद्येलाच तेवढें कां नसावें? याचें उत्तर असें कीं पुस्तक आहे, आणि तें फार मोठेंही आहे. परंतु तें दप्तरांत नसून यंत्राच्या पोटांत आहे, व तें उघडावयाचें म्हणजे यंत्रालाच प्रश्न विचारावा लागतो. ही गोष्ट आमच्या कित्येक विद्यार्थ्यांना ठाऊक नसते, आणि ठाऊक नसल्यामुळें त्यांचें जें नुकसान होतें तें आम्हीं गेल्या दिवाळीच्या सुटींत प्रत्यक्ष पाहिलें.

आमच्याच वाड्यांत राहणारा इयत्ता नववींतील एक विद्यार्थी एके दिवशीं सायंकाळीं आमच्याकडे आला. त्याचे वडील एका छापखान्यांत बांधणीच्या कामावर आहेत. घरांत कोणीतरी दिलेला एक जुना संगणक आहे; त्यांत लिनक्स नांवाची मोफत मिळणारी प्रणाली घातलेली आहे. मुलानें चौकांतील जुन्या पुस्तकांच्या ढिगांतून 'पायथन' या संगणकीय भाषेचें एक पुस्तक थोडक्या किंमतींत आणलें होतें व सुटीभर तो त्यावर बसला होता. चेहरा उतरलेला होता. तो म्हणाला, "काका, हें माझ्या डोक्यांत शिरत नाहीं. बाबा सोमवारीं क्लासच्या फीचा पहिला हप्ता भरणार आहेत. तुम्हीच त्यांना सांगा कीं भरूं नका, पैसे वायां जातील."

आम्हीं त्याला पुस्तक व संगणक दोन्ही घेऊन यावयास सांगितलें. पुस्तकांतील पहिलाच प्रोग्रॅम अगदीं साधा होता: समोरच्या माणसाला नांव विचारावयाचें व त्या नांवानें त्याला नमस्कार करावयाचा. मुलानें तो अक्षरशः उतरून घेतला होता. तरी यंत्र तो चालवावयास तयार होईना. प्रथम त्यानें तक्रार केली कीं 'प्रिंट' या शब्दापुढें कंस नाहींत. कंस घातल्यावर दुसरी तक्रार उभी राहिली: 'रॉ-इनपुट' हें नांव आपल्याला ठाऊकच नाहीं, असें तें म्हणूं लागलें. पुस्तकांत तर तें नांव ठळक अक्षरांत छापलेलें! छापलेलें तें खरें, या श्रद्धेनें मुलानें तोच शब्द वीस वेळां तपासून लिहिला होता, आणि शेवटीं दोष आपल्या बुद्धीचाच असला पाहिजे असा निष्कर्ष काढला होता.

वस्तुतः दोष त्याचाही नव्हता आणि ग्रंथकाराचाही नव्हता. पायथन ही भाषा गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनीं तयार केली व १९९१ सालीं ती लोकांपुढें आली. २००८ च्या डिसेंबरांत तिची तिसरी आवृत्ति निघाली आणि त्या वेळीं कर्त्यांनीं जाणूनबुजून कित्येक जुन्या रीती मोडल्या. 'प्रिंट'ला कंस आवश्यक झाले. 'रॉ-इनपुट' हें नांव जाऊन त्याच्या जागीं नुसतें 'इनपुट' आलें. दुसऱ्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद झाली. मुलाचें पुस्तक दुसऱ्या आवृत्तीच्या अमदानींतलें व त्याचें यंत्र तिसऱ्या आवृत्तीचें. जुन्या रेल्वे वेळापत्रकावर विसंबून स्टेशनावर गेलेल्या प्रवाशाची जी गत, तीच याची.

हें आम्हीं त्याला तोंडानें सांगूं शकलों असतों व प्रकरण तेथेंच मिटलें असतें. पण दुसऱ्या दिवशीं त्याला तिसरा शब्द अडला असता, आणि शेजारचे काका कांहीं नेहमींच घरांत असत नाहींत. म्हणून आम्हीं त्याला सांगितलें, "मला विचारूं नकोस, त्यालाच विचार." पायथनला एक प्रश्न असा करतां येतो कीं तुला उपजत ठाऊक असलेलीं नांवें कोणतीं. त्यासाठीं 'डिर' असा एक लहानसा शब्द आहे. तो योग्य रीतीनें लिहितांच पडद्यावर दीडशेच्या आसपास नांवें उतरलीं. आरंभीं मोठ्या रोमन अक्षरांचीं, मग लहान अक्षरांचीं. मुलगा त्यांवरून बोट फिरवीत गेला. 'रॉ-इनपुट' कोठेंच नव्हतें. 'इनपुट' मात्र होतें. मग दुसरा प्रश्न: 'हेल्प', आणि पुढें कंसांत 'इनपुट'. यंत्रानें तीनचार ओळींचें उत्तर दिलें. त्याचा भावार्थ असा कीं हें फंक्शन कळफलकावरून आलेली एक ओळ अक्षरमालिका म्हणून वाचतें. शेवटचें ओळ संपल्याचें चिन्ह काढून टाकतें. आणि सूचनेचा मजकूर दिला असल्यास वाचण्यापूर्वीं तो दाखवितें. मुलानें शब्द बदलला व यंत्रानें त्याला नांव विचारलें. सुटी लागल्यापासून त्या यंत्रानें त्याला विचारलेला हा पहिला प्रश्न.

परंतु खरी गंमत पुढेंच आहे. उत्साहाच्या भरांत त्यानें दोन संख्या विचारून त्यांची बेरीज करणारा प्रोग्रॅम आपल्याच मनानें लिहिला. त्याला वीस व तीस हे आंकडे दिले. उत्तर आलें २०३०! पुन्हां चेहरा पडला. आम्हीं कांहींएक न बोलतां पडद्यावरील मघाच्या उत्तराकडे बोट केलें. तेथें 'अक्षरमालिका' या अर्थाचा शब्द होता. यंत्रानें पहिल्या ओळींतच स्पष्ट सांगितलें होतें कीं आपण जें वाचतों तें आंकडा म्हणून नव्हे, तर अक्षरें म्हणून वाचतों. आणि अक्षरांची बेरीज म्हणजे एकापुढें एक ठेवणें. मुलाच्या हें ध्यानांत यावयास दहा मिनिटें लागलीं. तीं दहा मिनिटें आम्हांस फार मोलाचीं वाटलीं. कोश पाहणें म्हणजे केवळ शब्द सांपडणें नव्हे. सांपडलेल्या ओळींतील प्रत्येक शब्दाचा हिशेब घेणें होय, हें आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें सांगतों आणि मुलें तें वर्षानुवर्षें ऐकत नाहींत.

आतां हें उत्तर येतें कोठून? यंत्र स्वतः विचार करून बोलतें असें कोणी समजूं नये. औषधाच्या बाटलीवर चिठ्ठी असते, त्यांतला हा प्रकार आहे. कारखान्याच्या कपाटांत एखादी जाडजूड नोंदवही असेल व तींत प्रत्येक औषधाचे गुणधर्म लिहिलेले असतील. पण रोग्याच्या उपयोगी पडते ती बाटलीवरची चिठ्ठी, कारण बाटली जाईल तेथें ती जाते. पायथनमध्यें जो कोणी फंक्शन लिहितो, त्यानें त्याच्या आरंभींच एक टिपण लिहावें अशी रीत आहे: हें काय करतें, याला काय द्यावयाचें, हें काय परत देतें. हें टिपण त्या फंक्शनालाच चिकटून राहतें. 'हेल्प' ही आज्ञा तें वाचून दाखविते, एवढेंच. २००१ सालीं सुरू झालेल्या 'आयपायथन' नांवाच्या साधनांत तर नांवापुढें नुसतें प्रश्नचिन्ह टंकलें कीं पुरे. हल्लींच्या संपादन-साधनांत शब्दावर बाण नेऊन क्षणभर थांबलें तरी लहानशी चौकट उघडून तेंच टिपण दिसतें. चौकट नवी, चिठ्ठी तीच.

ही कल्पना पायथनपेक्षां पुष्कळ जुनी आहे. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठांत १९७६ च्या सुमारास रिचर्ड स्टॉलमन यांनीं 'ईमॅक्स' हें लेखन-साधन सुरू केलें. त्याचे कर्ते त्याला 'स्वतःचें वर्णन स्वतः करणारें' असें अभिमानानें म्हणत. त्यांत एखादी कळ दाबली असतां काय होईल हें कळ खरोखर कामास न लावतां आधीं विचारतां येतें. अनोळखी दार उघडण्यापूर्वीं आंत काय आहे असें दारालाच विचारावें आणि दारानें सांगावें, असा हा मामला आहे.

त्याच्याही आधींचा एक ग्रंथ मुद्दाम सांगण्यासारखा आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉमसन व डेनिस रिची यांनीं युनिक्स नांवाची प्रणाली रचली. आजचें लिनक्स हें तिच्याच वळणावर गेलेलें आहे. या प्रणालीचें मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेचें आहे. तें लिहिलें जावें म्हणून डग मॅकिलरॉय या त्यांच्या वरिष्ठांनीं आग्रह धरला होता. प्रत्येक आज्ञेला आपलें स्वतंत्र पान. आणि प्रत्येक पानावर ठराविक मथळे ठराविक क्रमानें: नांव, लिहिण्याची रीत, वर्णन, संबंधित इतर पानें. पुढें हीं पानें यंत्रांतच राहूं लागलीं आणि 'मॅन' असे तीन रोमन अक्षरांचे शब्द टंकून त्यापुढें आज्ञेचें नांव दिलें कीं तें पान पडद्यावर येऊं लागलें. 'मॅन' म्हणजे माणूस नव्हे, मॅन्युअल या शब्दाचा तो संक्षेप होय. आज पन्नासांहून अधिक वर्षें लोटलीं तरी ही रीत चालूच आहे.

येथें आमची स्वतःची फजिती सांगणें प्राप्त आहे. आम्हीं असें पान प्रथम उघडलें तेव्हां तें वाचून झाल्यावर त्यांतून बाहेर कसें पडावें हेंच आम्हांस कळेना. मागें जाण्याची कळ दाबली, सुटकेची कळ दाबली, कांहीं होईना. शेवटीं यंत्राची वीजच बंद केली. 'क्यू' हें अक्षर दाबलें कीं पान मिटतें. हें एक अक्षर विद्यार्थ्यांनीं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावें.

या पानांवरील एक मथळा आम्हांस सर्वांत अधिक आवडतो. तो म्हणजे 'दोष'. आपण लिहिलेल्या आज्ञेंत कोठें उणें आहे, ती कोठें फसवील, हें कर्ता स्वतःच तेथें लिहून ठेवतो. पंचांग दाखविणारी 'कॅल' नांवाची एक आज्ञा आहे. युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तींत तिच्या दोषांमध्यें अशी सावधगिरीची सूचना होती कीं ७८ असा आंकडा दिल्यास १९७८ साल मिळेल असें समजूं नये. ख्रिस्ती शकाच्या आरंभकाळांतील ७८ वें साल मिळेल. (महाराष्ट्रीय वाचकाला हें साल परकें वाटूं नये, आपला शालिवाहन शक तेथूनच सुरू होतो. पण हें बेल प्रयोगशाळेंतील मंडळींच्या मनांत असण्याचा संभव कमीच!) त्याच पानावर १७५२ सालचा सप्टेंबर महिना पाहावा अशीही सूचना होती. विद्यार्थ्यांनीं तो अवश्य पाहावा: दोन तारखेनंतर एकदम चौदा तारीख येते. इंग्लंडनें त्या वर्षीं जुनें कालगणन टाकून ग्रेगरी पोपच्या नांवाचें नवें स्वीकारलें, तेव्हां मधले अकरा दिवस वगळावे लागले. बाजारांत विकावयाच्या वस्तूवर तिचे दोष छापण्याची चाल आम्हांस तरी दुसरीकडे फारशी आढळली नाहीं.

येथपर्यंत सर्व ठीक. परंतु चाणाक्ष वाचक विचारील कीं नांव ठाऊक असेल तर पान निघेल, पण नांवच ठाऊक नसेल तर? हीच खरी अडचण होय, आणि ती संगणकाच्या जन्मापूर्वींची आहे. आपल्याकडे पूर्वीं पाठशाळेंत मुलें अमरकोश पाठ करीत. तो अकारादि क्रमानें रचलेला नाहीं. स्वर्गवर्ग, भूमिवर्ग, मनुष्यवर्ग असे अर्थाचे वर्ग पाडून त्या त्या अर्थाचे शब्द तेथें एकत्र दिले आहेत. ज्याला वस्तु ठाऊक आहे पण शब्द हवा आहे, त्याची सोय अमरकोशानें होते. ज्याला शब्द भेटला आहे पण अर्थ हवा आहे, त्याची सोय वर्णानुक्रमानें लावलेल्या कोशानें होते. दोन्ही वाटा लागतात. वाट नसेल तर लिहिलेलेंही मुकें राहतें. पेशव्यांच्या दफ्तरांतील कागद रुमालांत बांधलेले. असे हजारों रुमाल. त्यांत काय नाहीं? पण कोणता कागद कोणत्या रुमालांत हें ज्याला ठाऊक नाहीं त्याच्या दृष्टीनें तें सर्व असून नसल्यासारखें. रियासतकार सरदेसाई यांच्या देखरेखीखालीं १९३० ते १९३४ या काळांत त्यांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग छापून निघाले, तेव्हां कोठें अभ्यासकांस त्या भांडारांत पाऊल ठेवावयास जागा झाली.

युनिक्सच्या वंशांतील यंत्रांत अर्थावरून शोधण्याची वाट 'ॲप्रोपो' या आज्ञेनें मिळते. प्रत्येक पानाच्या आरंभीं 'नांव' या मथळ्याखालीं त्या आज्ञेचें एका ओळींत वर्णन असतें. या सर्व ओळींची एक यादी यंत्र तयार ठेवतें, आणि आपण दिलेला शब्द त्या यादींत जेथें जेथें येईल त्या त्या ओळी दाखवितें. पंचांगाचा इंग्रजी शब्द दिला कीं 'कॅल' सांपडतें. नक्कल या अर्थाचा इंग्रजी शब्द दिला तर नक्कल करणाऱ्या 'सीपी' या आज्ञेसह दुसऱ्या कितीतरी ओळी येतात. त्यांतून आपल्या कामाची ओळ निवडणें हें मात्र माणसाचें काम. येथें दुसरी एक गुंतागुंत येते. मराठींत 'कर' म्हणजे हात, 'कर' म्हणजे सरकारी पट्टी, आणि 'कर' ही आज्ञाही. चांगला कोश त्यांच्या वेगळ्या नोंदी करतो. मॅन्युअलचेही असेच भाग आहेत: पहिल्यांत वापरणाऱ्याच्या आज्ञा, तिसऱ्यांत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यास लागणारीं फंक्शनें, वगैरे. 'प्रिंटएफ' हें नांव पहिल्या भागांतही आहे व तिसऱ्यांतही. सी भाषा शिकणारा विद्यार्थी भागाचा आंकडा न देतां पान उघडतो, भलतेंच वाचतो आणि गोंधळतो. नांवाच्या आधीं तीन हा आंकडा घातला कीं योग्य पान मिळतें.

कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला? हल्लीं संभाषण करणारीं यंत्रें निघालीं आहेत. २०२२ च्या नोव्हेंबरांत चॅटजीपीटी आल्यापासून तर मुलें सर्व कांहीं त्यांनाच विचारतात, आणि मराठींतही विचारतात. आम्ही त्यांचे शत्रु नाहीं. ज्याला कोणता शब्द शोधावा हेंच सुचत नाहीं त्याला ते शब्द सुचवितात, हा उपकार लहान नव्हे. परंतु तीं यंत्रें कधीं कधीं अस्तित्वांतच नसलेल्या फंक्शनाचें नांव मोठ्या आत्मविश्वासानें सांगतात, आणि कधीं एका आवृत्तीची गोष्ट दुसऱ्या आवृत्तीच्या गळ्यांत बांधतात. तुमच्या समोरच्या यंत्रांत काय आहे हें त्यांनीं पाहिलेलें असेलच असें नाहीं. यंत्राच्या पोटांतील पोथी ही त्या यंत्रांत जी आवृत्ति घातली असेल तिच्याच बरोबर आलेली असते. म्हणून सल्ला कोणाचाही घ्यावा, पण साक्ष पोथीची काढावी. 'हेल्प' लिहून तें नांव सांपडतें कीं नाहीं हें पाहावयास अर्धें मिनिटही लागत नाहीं. शिवाय पोथीला इंटरनेट लागत नाहीं. आमच्या वाड्यांत पावसाळ्यांत तें चारचार दिवस बंद असतें, आणि चालू असलें तरी त्याचे पैसे पडतात. ज्यांना अनेक भाषांच्या पोथ्या एके ठिकाणीं हव्या असतील त्यांच्यासाठीं 'डेव्हडॉक्स' नांवाचें मोफत साधन आहे. एकदां उतरवून घेतलें कीं तेंही इंटरनेटवांचून चालतें.

सर्वांत मोठी अडचण आम्हीं मुद्दामच मागें ठेवली. ही पोथी इंग्रजींत आहे. आमचा विद्यार्थी मराठी माध्यमांतून शिकलेला. 'इनपुट'चें तीनचार ओळींचें टिपण समजावयास त्याला सहा शब्द अडले. तेव्हां आम्हीं त्याच्या हातीं आमच्याकडील मोल्सवर्थचा कोश दिला नाहीं, कारण तो मराठीवरून इंग्रजीकडे जातो. पण त्याची हकीकत मात्र सांगितली. कॅप्टन मोल्सवर्थ यांनीं थॉमस व जॉर्ज कँडी या बंधूंच्या साह्यानें तो १८३१ सालीं प्रथम प्रसिद्ध केला, व मोठी सुधारलेली दुसरी आवृत्ति १८५७ सालीं निघाली. यांपैकीं थॉमस कँडी हे पुढें पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचे प्रमुख होते. ती पाठशाळा विश्रामबाग वाड्यांत भरे, म्हणजे आमच्या घरापासून पायवाटेच्या अंतरावर. मराठींत विरामचिन्हें रूढ करण्यांतही कँडींचा मोठा हात आहे. एक स्वल्पविराम चुकला तर सबंध प्रोग्रॅम अडतो हें ज्यानें भोगलें आहे त्याला त्यांच्याविषयीं आदर वाटल्यावांचून राहणार नाहीं. हे लोक परभाषेंतून आले, प्रत्येक शब्द विचारीत गेले व लिहीत गेले. मोल्सवर्थचा ग्रंथ शाळेंतील मुलांना झेपणारा नव्हता, म्हणून बाबा पदमनजी यांनीं १८६३ सालीं त्याचा संक्षेप केला. संगणकाच्या पोथीचाही असा संक्षेप निघाला आहे: 'टीएलडीआर' या नांवानें, लांबलचक पानाऐवजीं चारसहा नित्याचीं उदाहरणें तेवढीं देणारा. आणि मोल्सवर्थ स्वतः आतां शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर यंत्राला विचारून पाहतां येतो.

मुलानें एक शंभरपानी वही केली. डाव्या बाजूस पोथींतील इंग्रजी शब्द, उजव्या बाजूस आपल्याला कळला तो अर्थ. नाताळापर्यंत तींत ऐंशींच्या वर शब्द झाले. त्याच्या ध्यानांत आलें तें आम्हांस आधीं सुचलें नव्हतें: पोथींतील इंग्रजी फार थोड्या शब्दांवर चालतें. 'परत देतें', 'ऐच्छिक', 'क्रम', 'अक्षरमालिका', 'चूक उत्पन्न करतें' असे पांचपन्नास शब्द आले कीं पानेंच्या पानें वाचतां येतात. शाळेच्या इंग्रजी वाचनमालेंतील एखादा धडा याहून कठीण असतो. क्लासची फी भरली गेली कीं नाहीं हें वाचक विचारतील. ती भरली नाहीं. मुलानेंच वडिलांना सांगितलें कीं उन्हाळ्यापर्यंत थांबा, कोठें अडतों तें आधीं कळूं द्या.

जानेवारींत तो पुन्हां आला तो एक नवी गोष्ट दाखविण्यास. देवनागरी अक्षरांना १९९१ सालच्या युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तींत स्थान मिळालें, आणि पायथनच्या तिसऱ्या आवृत्तींत सर्व अक्षरमालिका युनिकोडच्या असतात. त्यामुळें टिपण मराठींत लिहिलें तरी यंत्राची हरकत नसते. मुलानें आपल्या आजीसाठीं दुधाच्या रतिबाचा हिशेब करणारें फंक्शन लिहिलें होतें, व त्याच्या माथ्यावर टिपण घातलें होतें: प्रथम महिन्याचे दिवस द्यावे, मग लिटरचा भाव द्यावा, रोज एक लिटर धरून महिन्याचे पैसे मिळतील. त्यानें 'हेल्प' टंकून पुढें फंक्शनाचें नांव दिलें, आणि आमच्या वाड्याच्या अंधाऱ्या खोलींत पडद्यावर शुद्ध मराठींत उत्तर उमटलें. आजींनीं तें चष्मा लावून मोठ्यानें वाचलें. आंकडे त्यांनीं सांगितले, उत्तर यंत्रानें दिलें, आणि तें बोटांवरील हिशेबाशीं जुळलें.

फेब्रुवारींत मात्र घोटाळा झाला. दूध अर्ध्या लिटरच्या पिशव्यांतून येऊं लागलें, म्हणून मुलानें फंक्शन बदललें: दिवसांची दुप्पट करून तिला पिशवीच्या भावानें गुणावयाचें. फंक्शन बदललें, टिपण तसेंच राहिलें. महिना संपल्यावर आजींनीं पोथी विचारली. पोथीनें पूर्वींप्रमाणेंच लिटरचा भाव मागितला. आजींनीं तो दिला. उत्तर आलें तें पाहून त्या म्हणाल्या, "अरे, दूधवाल्याला दुप्पट पैसे द्यायचे कोणी ठरवलें?" मोठमोठ्या कारखान्यांतही प्रोग्रॅम बदलतो आणि टिपण मागें राहतें, व तें शोधून काढण्यांत जाणत्या लोकांचे दिवस जातात, हें आम्हीं त्याला सांगितलें. त्यानें मुकाट्यानें टिपण सुधारलें. मग थोडा विचार करून त्याखालीं 'दोष' असा मथळा घातला आणि लिहिलें कीं एखाद्या दिवशीं दूध घेतलें नाहीं तर तो दिवस आपोआप वजा होत नाहीं. आजींनीं दिवस मोजूनच सांगावे.